टिअर गॅसला ॲलेक्स हार्वीने तारलं, की टिअर गॅसने हार्वीला?

बेसूर बंड्या (धागाकर्ता)

ग्लासगोच्या हार्ड रॉकचा विषय निघाला की 'टिअर गॅस' या बँडला दोन ओळींत गुंडाळतात. दोन अल्बम काढले, दोन्ही पडले, मग १९७२ मध्ये गायक ॲलेक्स हार्वी आला, 'सेन्सेशनल ॲलेक्स हार्वी बँड' झाला आणि पोरांचं सोनं झालं. मला हे साफ नामंजूर आहे. सोनं झालं ते हार्वीचं.

माणूस तेव्हा ३७ वर्षांचा. स्किफल (घरगुती वाद्यांवरचं लोकसंगीत) करून झालं, सोल (कृष्णवर्णीय अमेरिकन गायकी) करून झालं, हॅम्बुर्गचे क्लब गाजवून झाले, लंडनला 'हेअर' या संगीतिकेच्या वाद्यवृंदात नोकरी करून झाली. नाव काही होईना. आणि ही पोरं विशी-बाविशीची: गिटारवर झाल क्लेमिन्सन, बेसवर ख्रिस ग्लेन, ड्रम्सवर टेड मॅकेना, की-बोर्डवर त्याच्याच नात्यातला ह्यू मॅकेना.

पुरावा हवा असेल तर 'मिडनाइट मोझेस' ऐका. हार्वीने ते १९६९ च्या 'रोमन वॉल ब्लूज' या अल्बममध्ये गायलंय आणि या पोरांना घेऊन १९७२ च्या 'फ्रेम्ड' या अल्बममध्ये पुन्हा. गाणं तेच, गाणारा तोच. पण पहिलं ऐकताना मान जेमतेम हलते, दुसऱ्यात झालची गिटार सुरू झाली की शेजारी दार वाजवायला येतात.

हातोडी

धागा वाचून करमणूक झाली. अहो, गाणं कोणाचं होतं? 'मिडनाइट मोझेस' हार्वीचं, 'हॅमर साँग' हार्वीचं, दोन्ही १९६९ चीच. तुमच्या पोरांकडे काय होतं? १९७१ चा दुसरा अल्बम काढून बघा. वाजवलंय जोरदार, वादच नाही. पण त्यात जेथ्रो टल या बँडचं 'लव्ह स्टोरी' आहे आणि एल्व्हिसचं 'जेलहाउस रॉक' आहे. स्वतःचं सांगण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून आवाज वाढवला.

आणखी एक. १९७७ मध्ये हार्वी काही काळ बाजूला झाला, तेव्हा या चौघांनी त्याच्याशिवाय 'फोरप्ले' काढला. आज तो किती जणांना आठवतो?

बेसूर बंड्या

उसनी गाणी हा गुन्हा असेल तर हार्वी पहिला आरोपी! 'फ्रेम्ड' हे शीर्षकगीतच लीबर आणि स्टोलर या गीतकार जोडीचं. १९७५ मध्ये ब्रिटनच्या यादीत ७ व्या क्रमांकावर गेलेलं 'डिलायला' तर टॉम जोन्सचं, १९६८ सालचं.

हातोडी

उसनं घेतलं, पण त्याचं केलं काय ते बघा ना. 'फ्रेम्ड' म्हणताना तो डोक्यावर बाईचा पायमोजा चढवून गुन्हेगार होतो आणि मग "मी काहीच केलं नाही हो" म्हणत गयावया करतो. निम्मं गाणं, निम्मी एकांकिका. टिअर गॅसने एल्व्हिस घेतला आणि जास्त व्हॉल्यूमवर वाजवला, बस.

काजळमाया७२

आणि 'डिलायला'त मधेच झाल आणि ख्रिस जोडीने नाचतात, ते? विदूषकासारखा पांढरा रंगवलेला चेहरा, भुवया कपाळात, आणि गाणं चालू आहे एका खुनाचं! लोक हार्वीइतकेच झालला बघायला यायचे. मी बंड्याच्या बाजूने.

उंबरठा

दोघेही एक गोष्ट विसरताय. हार्वीचा धाकटा भाऊ लेस, 'स्टोन द क्रोज'चा गिटारिस्ट, ३ मे १९७२ ला स्वॉन्झीमध्ये स्टेजवरच माइकचा शॉक लागून गेला. अर्थिंग नीट नव्हतं. त्याच वर्षी हार्वीने हा बँड हाताशी धरला. त्यात कोणी कोणाला तारलं याचा हिशेब मांडणं मला जरा निर्दयपणाचं वाटतं.

बेसूर बंड्या

दुःख मान्य. पण म्हणून श्रेय एकाच्याच खात्यात कसं जातं? पुढचं बघा: झालला नाझरेथ या बँडने घेतलं, त्यांच्या 'नो मीन सिटी' अल्बममध्ये तो आहे. टेड गिटारिस्ट रोरी गॅलाघरकडे गेला. पुढे टेड आणि ख्रिस दोघेही गिटारिस्ट मायकल शेंकरच्या बँडमध्ये. एवढे मोठे लोक कोणालाही उचलत नाहीत.

हातोडी

अगदी बरोबर, दुसऱ्यांच्या बँडमध्ये. माझाच मुद्दा मांडलात, आभारी आहे.

बेसूर बंड्या

मग हार्वीचं काय? १९७९ चा 'द माफिया स्टोल माय गिटार' हा अल्बम त्याने दुसऱ्या वादकांना घेऊन काढला. गाणारा तोच, डोकं तेच. चालला का? १९८२ मध्ये ४७ वा वाढदिवस एका दिवसावर असताना तो बेल्जियममध्ये वारला, तोवर जुनी उंची पुन्हा गाठता आली नव्हती.

नवखा_श्रोता

मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. टिअर गॅसपासून सुरुवात करू की थेट हार्वीपासून?

काजळमाया७२

टिअर गॅसचा १९७१ चा अल्बम आधी. १९७० चा 'पिगी गो गेटर' सध्या राहू दे, तो बराच मवाळ आहे. मग 'फ्रेम्ड', मग १९७३ चा 'नेक्स्ट'. हेडफोन लावून ऐक आणि तोवर हातोडींचे प्रतिसाद वाचू नकोस.

हातोडी

मीही हाच क्रम सांगितला असता. 'फ्रेम्ड' लागल्यावर पोराला आपोआप कळेल.