गावाचा इतिहास शोधणाऱ्या वाचकांसाठी संदर्भ-पत्रक करायचं आहे, काय काय घालू?

ग्रंथपाल_ताई

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. गेल्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी आले होते. शाळेला शंभर वर्षं होतायत, स्मरणिका काढायची आहे आणि त्यात गावाचा जुना इतिहास हवा आहे. संदर्भाच्या कपाटात होतं ते सगळं मी त्यांच्यासमोर मांडलं. विश्वकोशाचे खंड काढले, संस्कृतिकोश काढला. तालुक्यावर थोडंफार सापडलं, त्यांच्या गावावर एक अक्षर नाही. दोन तास बसून गुरुजींनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि "बरं, बघतो" म्हणून उठले. मला फार लागलं ते.

असे वाचक वर्षाला दहा-बारा तरी येतात. कुणाला गढीबद्दल हवं असतं, कुणाला जत्रेबद्दल, कुणाला घराण्याबद्दल. त्यांच्यासाठी तीन-चार पानांचं पत्रक करून कपाटाशेजारी टांगायचं ठरवलंय. कुठून सुरुवात करावी, कोणत्या साधनात काय मिळतं, एवढं कळलं पाहिजे. कृपया अनुभवातून सांगा.

नकाशावेडा

ताई, पत्रकाच्या पहिल्या ओळीत पुस्तकाचं नाव घालूच नका. एक प्रश्न घाला: "तुमचं गाव पूर्वी कोणत्या जिल्ह्यात आणि कोणाच्या राज्यात होतं?" हे ठाऊक नसेल तर माणूस चुकीच्या कपाटात महिनोन् महिने शोधत बसतो.

गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ, म्हटलं की सगळे इंग्रज अधिकारी कॅम्पबेल साहेबांच्या मुंबई इलाख्याच्या खंडांकडे धावतात. खंड उत्तमच आहेत. पुणे १८८५, नाशिक १८८३, सोलापूर १८८४, आणि प्रत्येकाच्या शेवटी गावांची अक्षरक्रमाने माहिती. पण लातूर त्यात नाही, कारण तुमचा भाग निजामाच्या राज्यात होता. तुमच्या वाचकाला १९०९ साली निघालेला इंपीरियल गॅझेटिअरचा हैदराबाद संस्थानाचा खंड हवा, आणि त्याआधीचा बिलग्रामी-विल्मॉट यांचा १८८३-८४चा दोन भागांतला ग्रंथ. विदर्भातला वाचक आला तर त्याची वाट तिसरीच. नागपूरचं गॅझेटिअर १९०८चं, वर्ध्याचं १९०६चं, ते मध्य प्रांताच्या मालिकेत.

पुढची अडचण लातूर नावाचीच. हा जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधीचं सगळं उस्मानाबादखाली (आजचं धाराशिव) शोधायचं, आणि उस्मानाबादच्याही आधी तो नळदुर्ग जिल्हा होता. महाराष्ट्र राज्याचं उस्मानाबाद जिल्ह्याचं गॅझेटिअर १९७२चं आहे, त्यात तुमचा आत्ताचा बराचसा जिल्हा येतो. पण उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात होते. तिथल्या वाचकाला १९५६च्या आधीचं काही हवं असेल तर बिदर पाहावं लागेल. हा एवढा तक्ता पत्रकात आला तरी अर्धं काम झालं.

कोरांटी

नकाशावेडा यांच्या म्हणण्याला जोडून सांगते: नावांच्या स्पेलिंगची एक चौकट कराच.

मी खरोशाच्या लेण्यांवर वाचत होते. औसा तालुक्यातली लेणी, तुम्हाला माहीत असणारच. इंग्रजीत आज लिहितात तसं 'के, एच'ने सुरू होणारं नाव घालून इंटरनेट अर्काइव्हवर, म्हणजे जुन्या पुस्तकांचे स्कॅन असलेल्या संकेतस्थळावर, शोध शोध शोधलं, काही मिळेना. जुन्या अहवालांत खरोसा नाहीच, 'करुसा' आहे! लेण्यांचे अभ्यासक बर्जेस यांच्या पुरातत्त्व अहवालातही तसंच आणि फर्ग्युसन-बर्जेस यांच्या १८८०च्या लेण्यांवरच्या ग्रंथातही तसंच. धाराशिवची लेणी 'धारासिन्व' अशा नावाखाली. एक अक्षर बदललं आणि पानंच्या पानं समोर आली. त्या दिवशी रात्री अडीचपर्यंत वाचत बसले होते.

शिवाय कॅम्पबेलच्या खंडांत अक्षरांवर मात्रा-खुणा आहेत, त्यामुळे स्कॅनमध्ये शब्द टाकून शोधलं की हमखास चुकतं. अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनीच बघावं. वाचकाला हे आधीच सांगितलं तर तो 'काहीच नाही' म्हणून परत जाणार नाही.

जुनी_वही

जत्रेबद्दल विचारणारे येतात म्हणालात म्हणून सांगतो. १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या जत्रा आणि सणांवर स्वतंत्र खंड निघाला आहे. कोणत्या गावी कोणत्या देवाची जत्रा भरते ते त्यात जिल्हावार दिलंय. जनगणना म्हटलं की लोकांना नुसते आकडे आठवतात, म्हणून तिकडे कुणी बघतच नाही.

जिल्हा जनगणना पुस्तिकाही विसरू नका. गावनिहाय लोकसंख्या, क्षेत्रफळ, शाळा, दवाखाना, पाण्याची सोय असं सगळं त्यात असतं. तुमच्या गुरुजींना शाळेची स्मरणिका काढायची आहे ना? मग वेगवेगळ्या दशकांच्या पुस्तिका शेजारी ठेवून बघा म्हणावं, गावात काय कधी आलं ते दिसत जातं. १९५१चं मात्र हैदराबाद राज्याच्या जनगणनेत शोधावं लागेल.

ग्रंथपाल_ताई

किती मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी! माझ्या स्वतःच्या डोक्यात जिल्ह्यांचा हा गुंता कधी सुटलाच नव्हता. एक शंका. यातलं बहुतेक इंग्रजीत आहे आणि आमचे निम्मे वाचक इंग्रजी वाचत नाहीत. आणि घराणी, वतनं यांच्यासाठी काय?

मोडीवाचक

ताई, घराण्यासाठी आधी छापील पुस्तक नको, आधी घरातली पेटी. प्रत्येक वाचकाला विचारा, घरात जुने कागद आहेत का? मोडी असेल, उर्दू असेल, फारसी असेल. निजामाच्या राज्यात दरबारी कागद उर्दूत आणि घरातले हिशेब मोडीत, असं एकाच गाठोड्यात मिळतं. जमिनीसाठी तहसील आणि भूमी अभिलेखच्या कार्यालयात खासरा पत्रक आणि सेतवार (जमिनीच्या जुन्या नोंदी), जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी). मराठवाड्यात हे शब्द म्हाताऱ्यांना पाठ असतात, तरुणांना सातबाऱ्यापलीकडे माहीत नसतं. पत्रकात या शब्दांचे अर्थ एकेका ओळीत द्या. संस्थानी काळातल्या मोठ्या दप्तरासाठी हैदराबादचं अभिलेखागार आहे. तिथे जायचं तर गावाचं जुनं नाव, तालुका आणि साधारण साल हाताशी ठेवूनच जावं.

पेशवाईशी संबंध असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडलेले ४५ खंड छापलेले आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांची 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' आहेत. पण कृपा करून हे पत्रकात पहिल्या पानावर टाकू नका. गावाचा इतिहास शोधणारा नवखा माणूस त्यात बुडून जातो आणि शोधच सोडतो. मी असे तिघं-चौघं पाहिलेत.

पानखूण

मोडीवाचक काकांशी थोडी असहमत आहे. राजवाडे मागे ठेवा, ठीक. पण दात्यांची मराठी ग्रंथसूची पुढेच हवी. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची ती यादी आहे, शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या चिकाटीनं केलेली, विषयवार. पुढे १९५०पर्यंतचा भागही त्यांनी केला. आपल्या भागावर, आपल्या देवस्थानावर, आपल्या घराण्यावर कुणी काही छापलं होतं का, हे एका जागी कळतं. पुस्तक आपल्याकडे नसलं तरी नाव आणि साल हातात असलं की मोठ्या ग्रंथालयाकडे मागता येतं. नाव नसेल तर मागायचं काय?

इंग्रजीचं म्हणाल तर आम्ही आमच्या वाचनालयात असं केलं: तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या गावाची एक जाड पुठ्ठ्याची फाईल. गॅझेटिअरमधला त्या गावाचा उतारा छापून लावायचा आणि त्याखाली हातानं लिहिलेला मराठी अनुवाद. कॉलेजची मुलं करून देतात. वर्तमानपत्रातली कात्रणं, देवळातल्या शिलालेखाचा फोटो, जुन्या स्मरणिकेची प्रत, सगळं त्यातच. पत्रकात शेवटी एकच ओळ लिहिलेली आहे, 'तुमच्या गावाची फाईल ग्रंथपालांकडे मागा.' आता लोक फाईल वाचायला येतात आणि जाताना स्वतःकडचा एखादा कागद तिच्यात घालून जातात.

नकाशावेडा

फाईलची कल्पना फार आवडली. ताई, फक्त प्रत्येक कागदावर कुठून घेतला आणि कोणत्या सालचा ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. पुढच्या माणसाला तेच लागतं.

ग्रंथपाल_ताई

मंडळी, काल गुरुजींना निरोप धाडला होता, आज सकाळीच आले. त्यांचं गाव निलंगा तालुक्यातलं, म्हणजे १९५६पर्यंत बिदर जिल्हा. हे त्यांनाच मी सांगितलं तर म्हणाले, "अरे हो, माझे वडील कोर्टाच्या तारखेला बिदरला जायचे, मला कधी सुचलंच नाही!" मग एकेक आठवायला लागले. घरी माळ्यावर वडिलांचं गाठोडं आहे, त्यात उर्दू कागद आहेत. उद्या आणतो म्हणालेत.

पत्रकाचं पहिलं पान तयार केलंय. वर प्रश्न, खाली जिल्ह्यांचा तक्ता, शेजारी जुन्या स्पेलिंगची चौकट. गुरुजींच्या गावाची फाईल आजच उघडली, दाखल नोंदवहीत तिला क्रमांकही दिला. आता जुनं उर्दू हस्ताक्षर वाचणारं लातूर, उदगीर किंवा बिदरकडचं कुणी इथे असेल तर कृपया कळवा. कागदांचे फोटो मी स्वतः काढून पाठवीन.