धर्मादाय खाटांबद्दल
ताई, फॅमिली डॉक्टरांनी आईंना ऑपरेशनसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवलंय आणि खर्च कसा पेलायचा, असं तुम्ही विचारलंय. आधी तो दवाखाना धर्मादाय, म्हणजे ट्रस्टचा आहे का बघा. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं ट्रस्टची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. बिलाच्या खिडकीवर हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही. ॲडमिट व्हायच्या आधीच दवाखान्यातल्या समाजसेवकाचं टेबल गाठा. रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का, ते आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात या योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला विचारा. आणि आपल्या सरकारी ससून रुग्णालयाला कमी लेखू नका हो, गर्दी असते पण डॉक्टर उत्तम आहेत.