आठ इंची टॅब की मोठा फोनच बरा? बेळगाव-खानापूर-निपाणीच्या घरांसाठी

खानापूरकर मास्तर
दहावीचं वर्ष आलं की पालक विचारतात, "गुरुजी, पोराला टॅब घेऊ का, आणि कुठला?" माझं मत ठाम आहे. घ्या, पण लहान घ्या: आठ ते पावणेनऊ इंची, सिमवाला, ४ जीबी रॅमच्या खालचा नको.

आपली पोरं मराठी माध्यमात असली तरी अभ्यासक्रम कर्नाटकाचा आणि परीक्षा एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीची. कर्नाटकाची मराठी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. पीडीएफचं पान फोनवर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, पोरगं डावीउजवीकडे सरकवत बसतं आणि वाचायचं राहून जातं. साडेसहा इंची फोनचा पडदा जेमतेम १६ चौरस इंचांचा, ८.७ इंची टॅबचा ३३ चौरस इंचांचा. म्हणजे दुप्पट जागा, आणि तरी एका हातात धरता येतो.

सिमचा आग्रह अशासाठी की जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात लाइट गेली की राउटर बंद पडतो. बापाच्या फोनचा हॉटस्पॉट म्हणाल, तर बाप उद्यमबागेतल्या कारखान्यात शिफ्टला गेला की तोही त्याच्याबरोबर गेला. पोराकडं स्वतःचं नेट हवं.

निपाणीकर
गुरुजी, मान ठेवून बोलतो, पण पटत नाही. लहान टॅबकडं बहुतेक कंपन्यांनी केव्हाच लक्ष देणं सोडलंय. २०१३ चा नेक्सस ७ आठवा: सात इंचांत १९२० बाय १२००, म्हणजे इंचाला ३२३ पिक्सेल. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, सॅमसंगनं गॅलक्सी टॅब ए९ आणला, ८.७ इंची. त्याचा पडदा १३४० बाय ८००, इंचाला १८० च्या आत. प्रोसेसर सुधारला, रॅम वाढली, आणि ज्याच्यासाठी माणूस टॅब घेतो तो पडदाच मागं गेला! मध्यम किमतीच्या फोनलाही आज इंचाला ४०० च्या आसपास पिक्सेल असतात.

देवनागरीत याचा फार फरक पडतो. इंग्रजी अक्षर कमी पिक्सेलमध्येही ओळखू येतं. आपल्याकडं वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. पिक्सेल कमी पडले की सगळं एकमेकांत मिसळतं.

आणि बॅटरी? त्या टॅबला ५१०० एमएएच, फोनला ५०००. पडदा दुप्पट, बॅटरी तेवढीच. तुमच्या जांबोटीत लाइट नसताना कुठलं जास्त वेळ चालेल, तुम्हीच सांगा.

येळ्ळूरची आई
तुम्ही दोघंही मुलांच्या डोळ्यांचा विचार थोडा बाजूला ठेवताय असं वाटतं. मी मोजपट्टी घेऊन हिशेब केला. ए-४ पानाची रुंदी सव्वाआठ इंच. ८.७ इंची टॅब उभा धरला तर रुंदी साडेचार इंचांच्या आतबाहेर, म्हणजे पान जवळपास निम्म्यावर येतं. १२ पॉइंटचं अक्षर साडेसहाचं होतं. रात्री अकरा वाजता ते वाचायला लावायचं का पोरीला? ११ इंची टॅबवर तेच पान ७० टक्क्यांवर येतं, अख्खं दिसतं, आकृतीसकट. विज्ञानात आकृती एकीकडं आणि तिचं वर्णन दुसरीकडं असलं की काय उपयोग? गॅलक्सी टॅब ए९ प्लस बघा, ११ इंच, १९२० बाय १२००, बॅटरी ७०४०. घ्यायचा तर तो घ्या. थोडे थांबून पैसे साठवा.

खानापूरकर मास्तर
ताई, तुमचा हिशेब बरोबर, पण टॅब उभाच धरायचा असं कुणी सांगितलं? आडवा धरा, साडेसात इंच रुंदी मिळते. पान ९० टक्क्यांवर. अख्खं दिसत नाही, वरचा दोन पंचमांश भाग दिसतो, मग सरकवायचं. पण फक्त वरून खाली. तेवढ्यानं वाचनाची लय मोडत नाही. आणि तुमचा तो ११ इंची टॅब ४८० ग्रॅमचा. आमची पोरं बसच्या गर्दीत उभी राहून खेड्यातनं खानापूरला येतात. दप्तरात तो सांभाळून आणणं अवघड, प्रवासात हातात धरून वाचणं तर दूरच.

निपाणीकर
फोनही आडवा धरता येतो की. सहा इंच रुंदी मिळते, पान ७२ टक्क्यांवर, दिसतं एक तृतीयांश. तुमच्या टॅबवर दोन पंचमांश. एवढ्याशा फरकासाठी दुसरं यंत्र, दुसरं सिम, दुसरा रिचार्ज? ज्या घरात तंबाखूचा पैसा वर्षातून एकदा येतो तिथं दर महिन्याचा रिचार्ज जड जातो. हा खर्च कुणी धरतच नाही.

टिळकवाडी मोबाईल दुरुस्ती
दुकानात रोज बघतो ते सांगतो. पोरांच्या टॅबच्या तक्रारींत सगळ्यात जास्त ऐकू येतं ते "हँग होतंय". कारण पडदा नाही, स्टोरेज. स्वस्त टॅबमध्ये बहुधा ईएमएमसी जातीचं स्टोरेज असतं, ते महागड्या यंत्रांतल्या यूएफएस स्टोरेजपेक्षा संथ. त्यात ३२ जीबीचं मॉडेल घेतलं की अँड्रॉइडच मोठा वाटा खातं, उरलेली जागा व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ भरून टाकतात. मेमरी कार्ड घालून पुस्तकं तिकडं ठेवा, पण अ‍ॅपसाठी आतली जागाच लागते. ६४ जीबीच्या खाली जाऊच नका.

२०११ मध्ये सरकारनं विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब आणला होता, सात इंची. २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आणि टच असा की बोटानं जोर देऊन दाबावं लागायचं. कल्पना चांगली होती, हार्डवेअर पुरं पडलं नाही. स्वस्तात स्वस्त शोधणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. आणि काच फुटली तर फोनची दुसऱ्या दिवशी मिळते. टॅबची मागवावी लागते, कमी खपाच्या मॉडेलची तर मिळतच नाही.

बेळगुंदीचा शेतकरी
पोरांचं झालं, आमचंही ऐका. मी आठ इंची सिमवाला टॅब जमिनीच्या उताऱ्यासाठी वापरतो. 'भूमी' या कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या साइटवरचा उतारा कन्नडमध्ये, रकाने बारीक. फोनवर मला एक रकाना दिसतो, टॅबवर पूर्ण ओळ दिसते. शेजारी कन्नड वाचणारा असला की दोघं मिळून बघता येतं. 'दिशांक' या सरकारी नकाशाच्या अ‍ॅपमध्ये बांधावर उभं राहून सर्व्हे नंबर काढतो. त्याला जीपीएस लागतं, घेताना ते आहे का ते विचारून घ्या. अडचण एकच, उन्हात पडदा दिसत नाही. छत्री धरावी लागते.

येळ्ळूरची आई
दादा, तुमच्या कामाला तो लहान टॅब बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही दहा मिनिटं बघता, पोरगी तीन तास बघते. घरात बसून अभ्यास करणाऱ्याला मोठा पडदाच हवा. माझं मत तेच.

खानापूरकर मास्तर
निपाणीकर, रिचार्जचा मुद्दा मान्य. त्यामुळं पालकांना आता असं सांगेन: टॅबचं सिम वर्षभर चालवायचं नाही, पावसाळ्याचे महिने आणि परीक्षेआधीचे दोन, एवढंच. बाकी वेळ पुस्तकं आधीच उतरवून कार्डावर ठेवायची. आणि दुकानात जाताना मेमरी कार्डावर विज्ञानाचं पुस्तक न्यायचं, टॅब आडवा धरून उघडायला लावायचं आणि पोरालाच एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगायचं. अडखळलं तर तो टॅब नको.

निपाणीकर
हे चांगलं सांगितलंत. फक्त त्याच परिच्छेदासाठी बापाचा फोनही आडवा धरून बघा. त्यावर वाचता आलं तर पैसे खिशातच राहू देत.