रूट ६६ : आई-बाबांना कोणता टप्पा दाखवावा?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरमध्ये माझे आई-बाबा सांगलीहून येत आहेत. शिकागोपासून कॅलिफोर्नियातील सांता मोनिकापर्यंत रूट ६६ या अमेरिकेतील जुन्या महामार्गाने जावे, अशी बाबांची फार दिवसांची इच्छा आहे. मला मात्र आठच दिवसांची रजा आहे. तेवढ्यात हे जमेल का, आणि नसल्यास कोणता भाग निवडावा, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

---

नमस्कार.

आठ दिवसांत संपूर्ण रस्ता करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. १९२६ साली मुक्रर झालेला हा महामार्ग सुमारे २,४०० मैलांचा होता, पण १९८५ मध्ये तो अधिकृत यादीतून वगळला गेला आणि आज तो तुकड्यातुकड्यांनीच उरला आहे; घाईने निघालेल्याला बराचसा प्रवास आंतरराज्य महामार्गावरूनच करावा लागतो. त्याऐवजी अ‍ॅरिझोनातील सेलिगमन ते ओटमन हा टप्पा दोन दिवस घेऊन सावकाश करावा.

सेलिगमनला बाबांना अवश्य उतरवा. २२ सप्टेंबर १९७८ रोजी गावाला वळसा घालणारा आय-४० हा आंतरराज्य महामार्ग सुरू झाला आणि भर रस्त्यावरची रहदारी एका दिवसात आटली. मोटेल, पेट्रोल पंप, खाणावळी, सगळ्यांचेच गिऱ्हाईक तुटले. तेव्हा गावातले न्हावी एंजेल डेल्गाडियो यांनी १९८७ मध्ये आसपासच्या गावकऱ्यांना एकत्र करून संघटना उभी केली आणि या रस्त्याला राज्याकडून ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळवून घेतला. एखाद्या सरदाराने नव्हे, केशकर्तनालय चालवणाऱ्या माणसाने हा रस्ता वाचवला, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

तिथून किंगमनपर्यंत आय-४० ने सुमारे ७० मैल पडतात, तर जुन्या रस्त्याने सुमारे ८७. हे जास्तीचे मैल वाया जात नाहीत, कारण वाटेत वालापाय या मूळनिवासी जमातीचे पीच स्प्रिंग्ज गाव आणि हॅकबेरीचे जुने दुकान लागते. मुक्काम किंगमनला करावा.

दुसऱ्या दिवशी सिटग्रीव्ह्‌ज खिंडीतून ओटमनला जाताना अरुंद घाट आहे, वळणे तीव्र आहेत, आणि ४० फुटांहून लांब वाहनांना मनाई आहे. ओटमन हे सोन्याच्या खाणींचे गाव. खाणकामगारांनी सोडलेल्या गाढवांचे वंशज तिथे रस्त्यातच उभे असतात. ती रानटी आहेत, म्हणून आईंना जरा अंतरावरूनच पाहू द्यावे.

---

आपले मनःपूर्वक आभार. बाबांना हे फोनवर वाचून दाखवले. शिकागोचा हट्ट त्यांनी सोडला आहे. किंगमनचे दोन मुक्काम आज नोंदवत आहे.