टीएमटीत हार्ट रेट रिकव्हरी कमी, आता २४ तासांचं बीपी मशीन: सल्ला हवा

पिंपळपान:
बाबा ६३ वर्षांचे, नाशिकला असतात. बीपीची गोळी रोज सकाळी, न चुकता. दवाखान्यात वरचा आकडा १३०-१३४, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. परवा टीएमटी केली, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी. ईसीजीत काही नाही, पण पहिल्या मिनिटात ठोके १४८ वरून १३९ वरच आले. डॉक्टर म्हणाले, रात्रीचं बीपी बघायला २४ तासांचं मशीन लावू. बाबा म्हणतात, "धाप नाही, छातीत दुखत नाही, उगाच खर्च कशाला?" ठोक्यांचा आणि रात्रीच्या बीपीचा संबंध काय? मशीन लावून झोप लागते का?

खडीसाखर:
लावून घ्या. सासूबाईंना लावलं होतं. अंघोळ आधी उरकायची, कारण नंतर मशीन काढता येत नाही. ढगळ बाह्यांचा शर्ट घालायला सांगा. पट्टा फुगायला लागला की हात सैल सोडून गप्प राहायचं. सासूबाई नेमक्या तेव्हाच पोळ्या लाटायच्या, मग मशीन एरर देऊन पुन्हा करकचून फुगायचं. झोपमोड होते, पण एका रात्रीचा प्रश्न आहे.

ओपीडीवाला:
हृदयरोग ओपीडीत आहे, पण इथे निदान करत नाही.
व्यायाम थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके खाली आणते ती मुख्यतः व्हेगस नर्व्ह, म्हणजे गाडीचा ब्रेकच. झोपेत बीपी उतरतं त्यातही याच स्वायत्त मज्जासंस्थेचा हात असतो. म्हणून डॉक्टरांना शंका आली. मात्र हा सुगावा आहे, पुरावा नव्हे.
पहिल्या मिनिटात ठोके १२ पेक्षा जास्त उतरायला हवेत, बाबांचे ९ च उतरले. ही १२ ची मर्यादा १९९९ च्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासातली, आणि तिथे थांबल्यावर पेशंटला हळूहळू चालवत ठेवलं होतं. थेट आडवं केलं तर १८ धरतात. तुमच्याकडे कसं केलं ते विचारा. बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारी बीपीची गोळी) चालू असेल तर तेही सांगा, मग हा आकडा वेगळ्या नजरेने बघावा लागतो.
झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरायला हवं. दिवसाची सरासरी १३८ आणि रात्रीची १३२ म्हणजे जेमतेम ४ टक्के, याला नॉन-डिपर म्हणतात. रात्रीची सरासरी १२०/७० च्या खाली हवी.
आता खरी गोम. बऱ्याच मशीनमध्ये 'रात्र' आधीच ठरवून ठेवलेली असते, समजा १० ते ६. बाबा साडेबारापर्यंत टीव्हीसमोर असतील तर जागेपणीचे आकडे रात्रीत मोजले जातात आणि चांगला माणूस नॉन-डिपर ठरतो. झोपेची, उठण्याची, गोळीची खरी वेळ कागदावर लिहून द्या आणि सरासरी त्याप्रमाणे काढायला सांगा.

मिसळपाव_फॅन:
एवढा खटाटोप कशाला? गोळी रात्री घ्या. स्पेनच्या अभ्यासात हार्टचे त्रास जवळजवळ निम्म्यावर आले होते.

ओपीडीवाला:
तो २०१९ चा हायजिया. त्याच्या पद्धतीवर बऱ्याच तज्ज्ञांनी शंका घेतल्या. २०२२ मध्ये ब्रिटनचा टाइम अभ्यास आला, २१ हजारांवर माणसं, पाच वर्षांहून जास्त. सकाळी घ्या वा संध्याकाळी, हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक नाही. काहींना डॉक्टर रात्री देतात, पण ते रिपोर्ट बघून. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून वेळ बदलू नका. रात्री बीपी फार उतरलं आणि लघवीला उठताना चक्कर आली तर नसती आफत.

दुर्वांकुर:
+१. बाबा घोरतात का? मध्येच श्वास अडकतो का?

पिंपळपान:
घोरतात म्हणजे काय, आई कधीपासून हॉलमध्ये झोपते! त्याचा इथे काय संबंध?

दुर्वांकुर:
स्लीप अ‍ॅप्नियात श्वास अडकला की शरीर दचकून जागं होतं, प्रत्येक वेळी बीपी उसळतं. रात्री न उतरण्याचं हे मोठं कारण. डॉक्टरांना आवर्जून सांगा, कदाचित झोपेची तपासणीही सुचवतील. किडनी, डायबेटिस आणि जास्त मीठ ही बाकीची कारणं. ताकातलं आणि लोणच्यातलं मीठही धरा हं, आमच्याकडे ते कुणीच मोजत नाही.

पिंपळपान:
आईला फोन केला. ती म्हणते, श्वास अडकतो, ती हलवून जागं करते. आणि हे आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. मशीन सोमवारी लावतोय.

खडीसाखर:
दुपारच्या झोपेची वेळही लिहा. आमच्याकडे ती राहिली आणि रिपोर्ट बघताना डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं.