मदत हवी आहे: आई धड वाकलीच नाही, तरी एक्स-रेत 'अस्थिरता नाही'?

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची. दोन वर्षांपासून कंबर धरते. चालताना फारसं काही नाही, पण ओट्याखालून डबा काढून सरळ होताना कंबर मध्येच अडकते. मग मांड्यांवर तळहात टेकत टेकत ती वर येते. रात्री कूस बदलतानाही कळ येते.

एमआरआयमध्ये कमरेचा चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढे सरकलेला दिसला (एल-४, एल-५, ग्रेड १) आणि मणक्यांच्या मागच्या सांध्यांत पाणी. म्हणून डॉक्टरांनी उभ्याने पुढे वाकून आणि मागे झुकून असे एक्स-रे काढायला लावले. दोन्हींत फरक फक्त २ मिमी, आणि रिपोर्टात 'अस्थिरता नाही', म्हणजे हालचालीत मणका जास्त सरकत नाही.

पण मी दाराशीच उभी होते. आईचे हात गुडघ्यापर्यंतही गेले नाहीत. मागे झुकायला सांगितलं तर तिने नुसती हनुवटी वर केली. 'झालं आजी' म्हणून तिला बाहेर पाठवलं. जी कंबर हललीच नाही तिची हालचाल मोजली कशी? पुन्हा काढायला सांगू का? उगाच किरणं नकोत असंही वाटतं.

उत्तर:
ताई, मी फिजिओ आहे. तुमची शंका रास्त आहे. वाकून आणि झुकून काढलेल्या एक्स-रेंत साधारण ४ ते ४.५ मिमीपेक्षा जास्त फरक आला की अस्थिरता धरतात, पण दुखण्याने स्नायू आखडले की मणका जागचा हलत नाही आणि आकडा कमी येतो. एमआरआय झोपून होतो, त्यात सरकलेला मणका बराचसा जागेवर बसतो. म्हणून एमआरआय आणि उभ्याने बाजूने काढलेला एक्स-रे शेजारी ठेवून पाहायला सांगा, त्या फरकातून मणका किती हलतो याचा अंदाज येतो. सांध्यातलं पाणीही अस्थिरतेकडेच बोट दाखवतं. मात्र एक्स-रेत प्रतिमा थोडी मोठी उमटते, तेव्हा मोजमाप डॉक्टरांनाच करू द्या. लघवीवरचा ताबा गेला किंवा पाय लुळा पडला तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.

धागाकर्ती:
खूप आभार. आत्ताच फाइल उघडली. एमआरआयच्या रिपोर्टात ३ मिमी, उभ्याच्या साध्या एक्स-रेत ७ मिमी. दोन कागद, दोन वेगळ्या सेंटरचे, एकत्र कुणी पाहिलेच नाहीत! सोमवारी दोन्ही सीडी घेऊन जाते. तोवर आईला कमरेचा पट्टा दिवसभर बांधू द्यावा का?