मदत हवी आहे: वडिलांच्या पेन्शनमधून बँक दर महिन्याला पैसे कापतेय

कृष्णाकाठ
नमस्कार. जरा तातडीनं सल्ला हवाय. पप्पांच्या खात्यात पेन्शन आली की दुसऱ्याच दिवशी बँक पैसे कापून घेते. या महिन्यात ५९० गेले, एसएमएसचे वेगळे, कार्डाचे वेगळे. पीएफची पेन्शनच मुळात २,४१० आहे हो. शाखेत विचारलं तर "सिस्टीमनं कापलेत" एवढंच सांगतात. हे बंद कसं करायचं आणि गेलेले पैसे परत मिळतात का? मी पुण्यात असतो, गावी फक्त रविवारी जाता येतं आणि रविवारी बँक बंद. कुणी हे निस्तरलं असेल तर नेमकं काय करायचं ते सांगा.

तळजाई
बँक सरकारी की खाजगी? खातं कुठल्या प्रकारचं? पासबुकात ५९० च्या पुढे काय छापलंय? यातलं काहीच सांगितलेलं नाही, मग कोण काय सांगणार.

घाटमाथा
खातं बंदच करून टाका. आमच्या गावच्या पतसंस्थेत दंड नाही, चार्ज नाही, एजंट रोज दारात येतो, म्हाताऱ्या माणसाला बरं पडतं. माझ्या आईचे सगळे व्यवहार तिथंच आहेत, बारा वर्षं झाली, एक रुपया इकडचा तिकडे नाही.

मोगरा
पतसंस्थेत पीएफची पेन्शन जमा होत नाही आणि तिथल्या ठेवींना पाच लाखांचं विमा संरक्षणही नसतं, ते फक्त बँकांना. वयस्कर माणसाला असा सल्ला देऊ नका प्लीज. त्यापेक्षा स्टेट बँकेत जा, त्यांनी मार्च २०२०मध्येच सगळ्या बचत खात्यांचा किमान शिल्लक दंड काढून टाकला. २०२५च्या जूनमध्ये कॅनरानं आणि जुलैत पंजाब नॅशनलनं पण काढला.

घाटमाथा
ताई, तुमच्या विमा असलेल्या बँका बुडाल्या तेव्हा लोक किती महिने हात चोळत बसले ते पण बघितलंय आम्ही. मी बारा वर्षांचा अनुभव सांगतोय.

कृष्णाकाठ
खाजगी बँक आहे. पासबुकात "एमएबी चार्जेस" असं काहीतरी आहे. साधं सेव्हिंग खातं.

निवृत्त कॅशियर
एमएबी म्हणजे महिन्याची सरासरी शिल्लक. रोज रात्री खात्यात जे उरतं त्याची बेरीज करून दिवसांनी भागतात. पेन्शन आली की लगेच सगळी काढली तर सरासरी जवळजवळ शून्यच येणार, त्यामुळे दंड पूर्ण लागतो. ५०० दंड आणि १८ टक्के जीएसटी, झाले ५९०. आता मला तीन गोष्टी सांगा. खातं कधी, कुणी, कुठल्या शाखेत उघडलं? हे कापणं कधीपासून सुरू झालं? आणि त्याआधी खात्यात किती असायचे?

परदेशस्थ
इथे न्यू जर्सीत पण बऱ्याच बँका खात्याला दरमहा फी लावतात, पण सोशल सिक्युरिटी म्हणजे इथली सरकारी पेन्शन थेट खात्यात जमा होत असेल तर ती माफ होते. भारतात तशी काही सोय आहे का?

कृष्णाकाठ
कॅशियर काका, खातं कंपनीनं उघडून दिलेलं. पप्पा भोसरीला कंपनीत होते, २०१५ला रिटायर झाले आणि कराडजवळ गावी गेले. शाखा अजून भोसरीचीच आहे. कापणं दीड वर्षापासून. त्याआधी ग्रॅच्युइटीचे लाखभर तिथेच पडून होते, ते मागच्या वर्षी घराचे पत्रे बदलायला काढले.

निवृत्त कॅशियर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. तुमचं ते साधं सेव्हिंग खातं नव्हतंच, सॅलरी खातं होतं. त्याला शिल्लक ठेवावी लागत नाही. पगार यायचा बंद झाला की काही महिन्यांत बँक ते आपोआप साध्या खात्यात बदलते, आणि वडिलांना ते कळत नाही. लाखभर होते तोपर्यंत दंडाचा प्रश्नच आला नाही. शिवाय शाखा शहरातली, म्हणून किमान शिल्लकही शहराच्या हिशोबानं. गावाकडच्या शाखेला ती बहुतेक ठिकाणी कमी असते. मी एकतीस वर्षं काउंटरला बसलो, शेवटच्या दहा वर्षांत अशी किती माणसं पासबुक घेऊन आली, मोजदाद नाही.

सुगरण
एटीएमचं पण बघा. १ मे २०२५ पासून फुकटचे व्यवहार संपले की एका व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत लागतात, वर जीएसटी. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात महिन्याला तीन फुकट, बाहेर पाच, आणि त्यात नुसता बॅलन्स बघणं पण धरतात! माझे बाबा पैसे आलेत का बघायला रोज जायचे.

अर्थसाक्षर
सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, ८.२ टक्के आहे. आणि व्याजावर टीडीएस म्हणजे कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म विसरू नका. टीडीएसची मर्यादा ज्येष्ठांना एप्रिल २०२५ पासून एक लाख झालीय.

मोगरा
अहो त्यांना २,४१० पेन्शन आहे. व्याज कुठलं आणि टीडीएस कुठला.

तळजाई
घरपोच बँकिंग मागा, ज्येष्ठांना हक्क आहे.

निवृत्त कॅशियर
घरपोच सेवेची रिझर्व्ह बँकेची २०१७ची सूचना सत्तरीच्या पुढच्यांना आणि अपंगांना आहे, आणि तिचेही पैसे बँक घेऊ शकते. इथे तो प्रश्न नाही.
कृष्णाकाठ, हे करा. बँकेला लेखी अर्ज द्या की सध्याचं खातं बेसिक सेव्हिंग म्हणजे बीएसबीडी खात्यात बदलून द्या. ही सोय २०१२ पासून प्रत्येक बँकेला द्यावी लागते. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, त्याची वार्षिक फीही नाही. महिन्यात किमान चारदा फुकट पैसे काढता येतात, वडिलांना तेवढं पुरेल. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. काउंटरवर "असं खातं आमच्याकडे नाही" म्हणाले तर नकार लिहून मागा.
दुसऱ्या अर्जात दंड परत मागा. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४चं परिपत्रक आहे. शिल्लक कमी पडली की आधी कळवायचं, भरायला महिनाभर मुदत द्यायची, आणि दंड जेवढे पैसे कमी त्या प्रमाणात. तुम्हाला कळवलं होतं का?

कृष्णाकाठ
मेसेज कधीच आला नाही. आत्ता पप्पांना विचारलं, बँकेत नंबर कंपनीत असतानाचा आहे, ते सिम केव्हाच बंद झालं. म्हणजे मेसेज बंद नंबरवर जातायत आणि मेसेजचे पैसे पप्पांकडून कापतायत. डोकं फिरलं माझं. सगळंच बंद करून टाकतो, त्यात एक वीस रुपयांचं पण काहीतरी आहे.

निवृत्त कॅशियर
ते वीस थांबवू नका! तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. वय सत्तरपर्यंतच असतो, वडिलांचं वय किती?

कृष्णाकाठ
६८.

निवृत्त कॅशियर
मग राहू द्या. नंबर आधी बदलून घ्या, बाकीचं त्यानंतर. आणि दुसऱ्या बँकेत जायचं ठरवलंत तरी नव्या खात्यात एक पेन्शन जमा झालेली बघितल्याशिवाय जुनं बंद करू नका, मधल्या मधे पेन्शन अडकली की पीएफ ऑफिसच्या चकरा. जानेवारी २०२५ पासून पीएफची पेन्शन कुठल्याही बँकेत घेता येते, तेव्हा मोगराताईंचं म्हणणं चुकीचं नाही, पण कागद तुमचे, धावपळ तुमची.

घाटमाथा
एवढे अर्ज, एवढी परिपत्रकं. म्हणूनच म्हणतो गावातलं गावात बरं.

मोगरा
गावातच हवं तर पोस्ट आहे ना. पण तिथेही ५०० ठेवावे लागतात, नाहीतर वर्षाअखेर ५० कापतात.

कृष्णाकाठ (तीन आठवड्यांनी)
सुट्टी टाकून पप्पांना घेऊन गेलो. कराडच्या शाखेनं भोसरीला जा म्हणून सांगितलं. ६८ वर्षांच्या माणसाला फोन नंबर बदलायला दीडशे किलोमीटर पाठवणार का, असं विचारल्यावर मॅनेजरनी स्वतः फॉर्म भरून घेतले. नंबर बदलला, खातं बेसिक झालं, अर्जांच्या प्रतींवर शिक्का घेतला. दंडाचे मात्र दोनच महिन्यांचे परत आले, ११८०. बाकीचे "जुने आहेत" म्हणून नाही म्हणतात. या महिन्यात पेन्शन पूर्ण २,४१० आली, पप्पांनी तीनदा पासबुक छापून आणलं.

निवृत्त कॅशियर
उरलेले सोडू नका. बँकेला तक्रार दिल्यापासून तीस दिवस मोजा, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन टाका, फी नाही, वकील लागत नाही. फोन १४४४८. शिक्क्याची प्रत जोडा आणि बंद नंबरची गोष्ट पहिल्या ओळीतच लिहा.

सुगरण
काका, माझ्या सासूबाईंचं खातं जॉइंट आहे, सासरे गेले, नाव अजून काढलेलं नाही. त्यांचं पण बेसिक होईल का?

तळजाई
बँक कुठली ते सांगा आधी.